रथाची मोगरी

कापूस, आगगाडी आणि गिरण्या यांनी खानदेशच्या शहरांत नाना जातींची, नाना धर्मांची माणसे आणून बसविली. पोटासाठी एकत्र आलेली ही माणसे एकमेकांची शेजारी कशी झाली? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा कचेरीच्या दप्तरात शोधतो. ते थोडे मिरवणुकीच्या वाटेवरही शोधले पाहिजे.

जळगावचा श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीस जुन्या गावातून रथ निघतो. पुढे लेझीम, भजनी मंडळी आणि मुक्ताबाईंच्या पादुकांची पालखी. रथ लाकडी आणि अवजड. चाकांखाली लाकडाची मोगरी सारून तो वळवावा लागतो, थांबवावाही लागतो. दोराला वाटेल तितके हात चालतात. मोगरीला जाणता हात लागतो. हा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो. समाधीवर चादर चढते, मुसलमान बांधव रथाचे स्वागत करतात. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांचा स्नेह होता, असे गाव सांगत आले आहे.

धुळ्याची कथा इतकी सुखाची नाही. १८९५ साली मशिदीवरून गणपतीची मिरवणूक नेताना दंगा झाला, रक्त सांडले. त्या गणपतीला ‘खुनी’ हे नाव पडले ते तेव्हापासून. धुळेकरांनी ना ते नाव पुसले, ना ती वाट बदलली. पुढे त्याच मशिदीपाशी पालखी थांबू लागली. तेथे आरती होते आणि मुसलमान मंडळी तिच्यावर फुले उधळतात. भांडणाची जागाच भेटीची जागा झाली.

येथे कोणी विचारील, मग २००८ आणि २०१३ साली धुळ्यात दंगली कशा झाल्या? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या परंपरांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्सव म्हणजे दंगलीवरचा ताईत नव्हे. एक दिवस फुले उधळून उरलेले वर्ष एकमेकांच्या आळीत पाऊल न टाकणाऱ्यांना कोणतीही पालखी तारणार नाही. परंतु दंगलीनंतरही दोघांनी जेथे उभे राहावे अशी एक ठरलेली जागा गावात असते, ही शिल्लक लहान नव्हे. ती जपणे आपल्या हाती आहे. रथ उताराला लागल्यावर मोगरी शोधून भागत नाही. ती लावणारा माणूस आधीपासूनच चाकाजवळ चालत असावा लागतो.