उल्हासची खाडी आणि कल्याणचं बंदर

मंडळी, बोटीची सफर म्हटलं की आपल्याला ऱ्हाइन आठवते. नदीकाठचे डोंगर, त्यावर किल्ले, हातात कॅमेरा. ऑफिसातले मित्र तिथले फोटो दाखवायला लागले की मी म्हणतो, बाबांनो, एकदा दिव्याला या! आमच्या मागून जाणारी खाडी म्हणजे उल्हास नदीच. तिलाही डोंगर आहेत, किल्ले आहेत, आणि इतिहास म्हणाल तर दोन हजार वर्षांचा.

परवा ओळखीच्या एका कोळीदादांच्या होडीतून कोळशेत ते घोडबंदर गेलो. दिव्याचं पाणी मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून इथे येतं. गायमुखाच्या पुढे एकीकडे येऊरचे डोंगर, दुसरीकडे नागल्याचं जंगल, मधून खाडी. मग घोडबंदरचा किल्ला आणि शेवटी, मुखाशी, वसई.

ही वाट पाहिली की कल्याणचा इतिहास पटकन कळतो. बंदर झकास, पण समुद्रापासून आत. बाहेर पडायला दोनच दारं, वसईची खाडी आणि ठाण्याची खाडी. दारं ज्याच्या हातात, बंदर त्याच्या मर्जीवर!

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याणचं नाव 'कॅलिएना' असं येतं. त्यात लिहिलंय की इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असे. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरवर वळवला!

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे जहाजं बांधायला सुरुवात केली. पण तेव्हा वसई, घोडबंदर, ठाणे, सगळं पोर्तुगीजांकडे. म्हणजे आरमार घरात आणि दाराची किल्ली शेजाऱ्याकडे. ती किल्ली मराठ्यांच्या हाती यायला १७३७ ची मोहीम आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकलेली वसई लागली.

पुढे १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि आपण खाडीकडे पाठ फिरवली. चिंचोळी वाट मात्र सुटली नाही. मुंब्र्याला एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी, आणि मधल्या पट्टीतून लाखो माणसं रोज जातात. ९ जून २०२५ ला तिथेच लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. किमान चार जण जिवानिशी गेले. दिव्यात राहणाऱ्याला ती बातमी नुसती बातमी वाटत नाही.

२०१६ च्या कायद्याने उल्हास राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो फेरीही सुरू झाली. बोटी आल्या म्हणून लोकलची गर्दी संपेल, असं मी म्हणत नाही. पण एकच दार असलं की काय होतं, हे कल्याणने दोन हजार वर्षं भोगलंय. आपल्याकडे दुसरं दार आहे, आणि आपण त्यात सांडपाणी सोडतोय.

असो. पुढच्या वेळी मुंब्र्यावरून जाताना मोबाईल खिशात ठेवा आणि खाडीकडे बघा. अर्थात, खिडकी मिळाली तर!