उठून गेलेले शहर

फोंड्याहून निघालेली मोटार बाणस्तारीचा पूल ओलांडून तिसवाडीच्या बेटावर आली, की थोड्याच वेळात माडांच्या शेंड्यांवर एक तुटका मनोरा दिसू लागतो. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी मंडळी त्या मनोऱ्याकडे बोट दाखवीत आणि 'तें पोरणें शार' एवढेच बोलून गप्प होत. आमचे एक वृद्ध आप्त तर आयुष्यभर याच वाटेने पणजीस जात-येत राहिले. परंतु त्या ठिकाणी ते मोटारीतून कधी उतरले नाहीत. कारण विचारले असता म्हणत, "आमच्या देवांनी ज्या शहराकडे पाठ फिरविली, तेथे आम्ही काय पाहायचे?" हे उत्तर तेव्हा आम्हांस पुरेसे वाटले. पुढे इतिहासाची चार पाने चाळल्यावर ते तितकेसे पुरेसे वाटेना.

जुने गोवे हे परक्यांनी वसविलेले आणि परक्यांनीच टाकून दिलेले शहर, तेव्हा त्याच्याशी आपले देणेघेणे ते काय, असा आपल्या समाजात एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अफोंसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले, तेव्हा ते अगोदरच नांदते होते. त्याचे नाव एला. त्याच्याही पूर्वी गोव्याची राजधानी जुवारीच्या काठी होती. ते कदंबांचे गोपकपट्टण. खाडी गाळाने भरत गेली, गलबतांना तेथे येणे अवघड झाले, आणि १४७२ मध्ये महमूद गावानने बहामनींसाठी गोवा जिंकल्यानंतरच्या काळात व्यापार हळूहळू मांडवीच्या काठावरील एला येथे येऊन स्थिरावला. म्हणजे ज्याला आज आपण जुने शहर म्हणतो, ते एकदा नवे शहर होते आणि एका त्याहून जुन्या शहरातून उठून आलेल्या लोकांनी ते भरले होते. पोर्तुगीज भाषेने या दोहोंमध्ये भेद केला तो केवळ शब्दांची अदलाबदल करून. जुवारीकाठचे ते 'गोवा वेल्हा' आणि मांडवीकाठचे ते 'वेल्हा गोवा'. एकाच प्रांतात दोन 'जुनी गोवी' असावीत, यातच या भूमीचा स्वभाव थोडा कळून येतो!

१५३० मध्ये पोर्तुगिजांनी पूर्वेकडील आपली राजधानी कोचीनहून येथे आणली आणि पुढील शंभर वर्षे या शहराने जे ऐश्वर्य भोगले, त्याला पश्चिम किनाऱ्यावर तोड नव्हती. 'सुवर्ण गोवे' असे त्याला म्हणत. ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही, अशी म्हणच पडून गेली होती. त्या काळच्या लोकसंख्येचे काही अंदाज दोन लाखांवर जातात. ते बरेच फुगविलेले असावेत असे आम्हांस वाटते. तथापि निम्मे मानले तरी ते महानगरच ठरते.

हे महानगर चालवीत कोण होते? यान ह्यूखेन व्हान लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून येथे आला आणि पाचेक वर्षे राहिला. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 'रुआ दिरैता' या मुख्य रस्त्याचे वर्णन आहे. तेथे रोज सकाळी लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, सुगंधी द्रव्ये, गालिचे आणि लिहावयासही लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे गुलाम स्त्री-पुरुष, सारे एकाच ठिकाणी विकले जाई. परंतु त्याच शहरात सोनार, कापडाचे व रेशमाचे दुकानदार, सराफ, कारागीर, न्हावी आणि वैद्य हे बहुतांशी हिंदू होते, हेही तो लिहितो. हिंदू वैद्यांविषयीची त्याची नोंद तर मनोरंजक आहे. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री हे स्वतःच्या जातभाई वैद्यांपेक्षा या वैद्यांवर अधिक भरवसा ठेवीत, आणि इतर हिंदूंना सहसा न मिळणारा छत्री धरवून हिंडण्याचा मान त्यांना होता. ज्यांच्या देवळांचा पाया उखडला, त्यांच्याच हाती आपली नाडी द्यावयाची! सत्तेचा अहंकार आणि शरीराची भीती यांची अशी गाठ इतिहासात वारंवार पडते.

देवळांचा पाया उखडला हे आम्ही अलंकारिक भाषेत म्हटलेले नाही. १५४० मध्ये तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली. १५४३ मध्ये साष्टी आणि बार्देश पोर्तुगिजांकडे आले आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत तेथेही तोच प्रकार झाला. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. तिचे न्यायासन ज्या वाड्यात बसे, तो मूळचा आदिलशाही वाडा. लोक त्याला नुसते 'व्हडलें घर' म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणीत. या दिवसांत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, कोलव्याची महालक्ष्मी आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, मडगावचा दामोदर जांबावलीस. पालख्या, वाजंत्री यांचा प्रश्नच नव्हता. जुवारी आणि तिच्या खाड्या ओलांडून देव आदिलशाही मुलखात गेले आणि त्यांच्यामागून जमेल तशी माणसे गेली. एक मुसलमान पातशाहीचा मुलूख त्या वेळी आपल्या देवांचे आश्रयस्थान झाला, ही गोष्ट सोयीची नसली तरी खरी आहे, आणि खरी गोष्ट सांगितली पाहिजे.

मात्र शहरातून सगळे गेले नाहीत. ब्राह्मणांनी बेट सोडून जावे असे हुकूम निघाले. परंतु सरकारी उत्पन्नाचे मक्ते घेणारे, हिशेब राखणारे आणि रोकड पुरविणारे हातच निघून गेले तर खजिना चालणार कसा, या विवंचनेने ते हुकूम कधी पुरतेपणी अमलात आले नाहीत. तेव्हा असे एक विलक्षण जीवन सुरू झाले, की पोट शहरात आणि देव खाडीपलीकडे. शहरात देऊळ नाही, विवाहविधी उघडपणे करण्याची सोय नाही. म्हणून शुभकार्यास नदी उतरून जावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाच्या फळ्या काढावयाच्या. या माणसांना ते शहर प्रिय नव्हते असे कोण म्हणेल? द्वेष आणि लळा एकाच घरात नांदू शकतात, हे ज्याने परमुलखात पोट भरले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

आणि मग ते शहर स्वतःच उठू लागले.

त्याचे कारण तोफा नव्हेत. निदान मुख्य कारण तोफा नव्हेत. भूमी सच्छिद्र, वस्ती दाट, मैल्याची व्यवस्था नाही. घरोघरच्या शौचकूपांतील घाण झिरपून विहिरींत उतरे. पिण्याचे चांगले पाणी ते बाणगिणीच्या झऱ्याचे. ते घड्यांतून वाहून आणून शहरात विकले जाई, आणि ज्याला ते विकत घेण्याची ऐपत नाही तो विहिरीचे पीत असे. पटकी आणि हिवताप यांनी वर्षानुवर्षे माणसे नेली. इकडे व्यापारही गळत चालला. १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६४१ मध्ये मलाक्का, १६६३ मध्ये कोचीन. डचांची गलबते मांडवीच्या तोंडाशी येऊन वाट अडवून बसत. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी शहराच्या अगदी समोरचे जुवें बेट घेतले, तेव्हा राजधानी मुरगावास हलविण्याचा घाट घातला गेला, तेथे बांधकामेही सुरू झाली. परंतु ती योजना रेंगाळत रेंगाळत शेवटी सोडून देण्यात आली. १६९५ मध्ये व्हाइसरॉय शहरातला वाडा सोडून रायबंदरच्या बाजूस पणेलीला राहावयास गेला आणि १७५९ मध्ये पणजीस. तेथेही तो उतरला तो एका जुन्या आदिलशाही वाड्यातच.

नवल असे, की राहणारे निघून गेले तरी राजधानी गेली नाही. कागदोपत्री हेच शहर राजधानी होते. लिस्बनहून ते पुन्हा वसविण्याची आज्ञा १७७४ मध्ये सुटली. मार्क्विस द पोंबाल या मुत्सद्द्याचा तो आग्रह होता. रस्ते साफ झाले, भिंती डागडुजीस घेतल्या, कामकरी आणले आणि ते तापाने मरू लागले. १७७७ मध्ये पोंबाल सत्तेवरून गेला आणि त्याच्याबरोबर ते कामही गेले. १८३५ मध्ये धर्मसंघांचे मठ बंद करण्याचा हुकूम आला आणि शहरातले उरलेसुरले रहिवासी म्हणजे पाद्री, तेही निघाले. अखेर १८४३ मध्ये पणजीला 'नवे गोवे' हे नाव देऊन राजधानी ठरविण्यात आले. जुन्या शहराचे चिरे, तुळया, दरवाजे नव्या शहराच्या बांधकामास नेण्यात आले. घर मोडून घर बांधण्याची ही रीत आपल्याकडे नवीन नव्हती. एवढेच, की पूर्वी ज्यांनी देवळांचे दगड नेले होते, त्यांच्याच इमारतींवर आता तो प्रसंग आला. व्हडलें घरही तोवर जमीनदोस्त झाले होते. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमची बंद झाली होती.

याच कालखंडात पलीकडच्या तीरावर काय चालले होते ते पाहावे. १७३८ च्या सुमारास, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने, कवळ्यास शांतादुर्गेचे आजचे देऊळ उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने १७३९ मध्ये पेशव्यांकडून मंगेशीचे गाव देवस्थानाला मिळाले. आणि १७६३ मध्ये, हैदरअलीच्या भयाने सोंद्याचा राजा पोर्तुगिजांच्या आश्रयास आला, तेव्हा फोंड्याचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून दूर म्हणून देव नेऊन ठेवले, त्यांचीच सत्ता देवांच्या दारी येऊन उभी राहिली. परंतु या खेपेस कुदळ नव्हती. तेथील धर्म आणि रूढी यांस हात लावणार नाही, असे वचन देऊन ती आली होती. माणसांच्या शहराची कौले उतरत होती आणि देवांच्या नव्या गावांत दीपमाळा उभ्या राहत होत्या. पणजीतही १८१८ च्या सुमारास महालक्ष्मीचे देऊळ झाले आणि महामाई कामतांसारख्या व्यापारी घराण्याची पेढी तर थेट व्हाइसरॉयच्या वाड्याशेजारी नांदत होती.

सोडलेल्या शहरास पुन्हा भेट द्यावी, ही ओढ मात्र राज्यकर्त्यांनाही सुटली नाही. पणजीत राहणारा प्रत्येक नवा गव्हर्नर अधिकाराचा दंड घेण्यासाठी या उजाड गावीच येई, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या थडग्यापाशी विधी करी आणि पुन्हा नदीकाठाने आपल्या वाड्यास परते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि तो विधी संपला. शवप्रदर्शनाचा दर दहा वर्षांचा सोहळा चालू आहे. २०२४-२५ मध्ये तो झाला, तेव्हा काही आठवडे ते शहर पुन्हा माणसांनी भरून गेले होते.

आमची भेट त्यानंतरची. गर्दी ओसरली होती. बों जेझूस आणि से कॅथेड्रल यांच्या मधल्या हिरवळीवर उभे राहिले, की हा मोकळेपणा सौंदर्यासाठी योजलेला नाही, येथे घरे होती, हे ध्यानात येते आणि मन चरकते. सेंट ऑगस्टीनच्या मठाचा तो मनोरा जवळून पाहिला. १८४२ मध्ये छप्पर कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी बाजू. उरला आहे तो ४६ मीटर उंचीचा अर्धामुर्धा बुरूज. जवळच आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचे काळे खांब उभे आहेत. १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याने फ्रान्सिस्कन मठात वस्तुसंग्रहालय उघडले. तेथे एका छपराखाली विष्णूची मूर्ती आहे, वीरगळ आणि सतीशिळा आहेत, व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे आणि अल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळाही आहे. विष्णूसमोर आम्ही नकळत हात जोडले. पहारेकऱ्याने पाहिले व न पाहिल्यासारखे केले.

बाहेर येऊन उतरणीने व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर गेलो. प्रत्येक नवा अधिकारी थाटामाटाने ज्या कमानीतून शहरात शिरे, तिच्यातून आता दिवाडीच्या फेरीबोटीचे उतारू जातात. आम्हीही गेलो. दिवाडीचे बेट ओलांडून पलीकडच्या टोकास, नार्व्यास पोचलो. कदंब राजे ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आपल्या नाण्यांवर करीत, त्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान ते. देऊळ नाही, कोटितीर्थाचे तळे आहे, पायऱ्या आहेत, पाणी आहे. तेथून दुसरी बोट. पैलतीरावरच्या गावाचे नावही नार्वेच, कारण गावकऱ्यांनी देवाबरोबर गावाचे नावही नेले. शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले ते लहानसे देऊळ माडांच्या सावलीत उभे आहे.

आमच्या त्या वृद्ध आप्तांची मोटार या वाटेने कधी आली नाही. आम्ही त्यांच्या नावाने एक नारळ देवापुढे ठेवला. पुजाऱ्यांनी विचारले, "खंयच्यान आयल्यात?" आम्ही म्हणालो, "शारांतल्यान." त्यांनी पणजी समजली असावी.