वस्तऱ्याची मूठ

हत्यारांचा इतिहास बहुधा पात्याचा लिहिला जातो. मुठीची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ फळ्या, मधे पाते मिटून बसेल एवढी फट आणि पाते ज्यावर फिरते तो खिळा. जुनी पाती मिळवून त्यांना हौसेने लाकडी मुठी बसवणारे लोक आज अनेक देशांत आहेत. त्यांच्या आवडीचे आबनूस ज्या कुळातले, त्याच कुळातला तेंदू भंडारा जिल्ह्याच्या रानांत वाढतो. आपण त्याला विडीच्या पानापुरते ओळखतो; जुन्या खोडातला काळा, घट्ट गाभा आपल्या खिजगणतीत नसतो. खिळ्याला लागणारे पितळ तर भंडाऱ्याच्या भांड्यांमुळे सर्वपरिचित.

तरीही या हौसेकडे पाहताना आम्ही थोडे अडखळतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) न्हावी भेटतो तो बलुतेदार म्हणून. धोकटीतला वस्तरा त्याच्याकडे जन्माने येई आणि मोबदला सुगीला, धान्याच्या रूपाने. हौस निवडता येते. बलुते निवडता येत नसे.

मात्र या हातांनीही एकदा निवड केली. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. वस्तरा तोच होता. तो कोणासाठी उघडायचा नाही, हे या वेळी मूठ धरणाऱ्याने ठरवले. तेंदूच्या लाकडाला मुठीचा आकार देणाऱ्याने हा नकारही स्मरणात ठेवावा, असे आम्हांस वाटते.