बोडम तळ्याची पोरं

आजही मारतहळ्ळीच्या घरातूनच बोलतोय, रिंगरोडचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. मागच्या भागांत लढाया झाल्या. आज एक अल्बम घेतोय: चिल्ड्रन ऑफ बोडम या बँडचा 'समथिंग वाइल्ड', साल १९९७.

१७ मार्च २००७ ला आयर्न मेडन इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजले. मुलगा कॉलेजात होता. मी त्याला जाऊ दिलं नाही. "हे संगीत नाही, आरडाओरडा आहे," म्हणालो. त्याच रागात त्याच्या सीड्याही माळ्यावर टाकल्या. गेल्या वर्षी माळा आवरताना ही हाती लागली.

आता थोडा इतिहास. नव्वदच्या दशकात स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी यांनी डेथ मेटलच्या माऱ्यात सुरेल गिटार आणली. शेजारी नॉर्वेत एम्पररसारखे ब्लॅक मेटलवाले कीबोर्डवर वाद्यवृंदाचा थाट उभा करत होते. हे दोन्ही फिनलंडमधल्या एस्पोच्या पोरांनी एकत्र केलं. (सगळे याला स्कँडिनेव्हियन म्हणतात. नकाशा काटेकोर वाचला तर फिनलंड त्यात येत नाही. जुनी सवय, सांगून टाकलं.) गिटार वाजवणारा आणि गाणारा अलेक्सी लायहो तेव्हा १८ वर्षांचा. बँडचं नाव गावाजवळच्या बोडम तळ्यावरून. तिथे १९६० साली तंबूत झोपलेल्या चौघा तरुणांपैकी तिघांचा खून झाला. त्याचा उलगडा अजून झालेला नाही.

सातच गाणी. पहिल्यांदा मला नुसता गोळीबार ऐकू आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं, गिटार आणि कीबोर्डचे सवाल-जवाब चाललेत, आपल्या तमाशात असतात तसे, आणि दोघंही मात्रा चुकत नाहीत. दोन्ही पायांनी वाजणारा ड्रम इतक्या वेगातही कदम सोडत नाही. गाण्याचे शब्द कळत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. पण परेड ग्राउंडवर सुभेदार मेजरसाहेबांचा हुकूम तरी शब्दांनी कुठे कळायचा? आवाजाच्या धक्क्यानेच पाय उचलला जायचा. कीबोर्ड मात्र काही जागी भुताच्या सिनेमातला वाटतो. पोरं होती, चालायचंच.

लायहो २९ डिसेंबर २०२० ला गेला. वय ४१.

मुलाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, पूर्ण ऐकलात?"

"दोनदा," मी म्हणालो. त्या मार्चबद्दल बोलायचं राहिलं. दिवाळीला येतोय तो. सीडी प्लेअर दुरुस्त करून ठेवलाय.