पाऊणकीची कुळकथा

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर जुनी माणसं आधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. आज चतुर्थी? चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. चपला हातात घ्यायच्या आणि निघायचं.

हे गणित चालता चालता व्हायचं, कारण पाऊणकी पाठ असायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची रांगच होती. (औट म्हणजे साडेतीन, हे आता सांगावं लागतं.) रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारात पाव, निम्मा, पाऊण यांचाच राबता. १९५७मध्ये दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू वर्गाबाहेर पडले.

प्रोग्रॅमरांकडे हे पाठांतर लायब्ररी करते. सी भाषेसाठी युनिक्सवाल्यांनी ठेवलेल्या ‘मॅथ डॉट एच’ या फाइलीत पायची किंमत वीस दशांश स्थळांपर्यंत ‘एम पाय’ या नावाने तयार असते. गंमत म्हणजे पायचा निम्मा आणि पायचा पाव यांनाही तिथे स्वतःची नावं आहेत. निमकी आणि पावकीच की! भागाकार काही अवघड नाही, पण जे सतत लागतं ते एकदा नीट लिहून ठेवलं की भांडण मिटतं. नाहीतर एक जण ३.१४ लिहितो, दुसरा २२/७, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. पृथ्वीचा परीघ ३.१४ धरून काढला तर वीसेक किलोमीटर कमी भरतो. जवळपास अलिबाग ते मांडवा. सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीत पाय यायला मात्र २०२० उजाडलं. पायथनने त्याआधीच, २०१६मध्ये, पायच्या दुपटीलाही ‘टाऊ’ म्हणून घरात घेतलं होतं.

आपली पाऊणही तशी छाटलेलीच. भरती दर तिथीला सुमारे ४८ मिनिटं पुढे सरकते, पाढा ४५ धरतो. पंधरा तिथींत ही तूट पाऊण तासाची होते: पौर्णिमेला पाढा सव्वाअकरा सांगतो, समुद्र बाराच्या आसपास भरतो. पण ही चूक किल्ल्याला जाणाऱ्याच्या सोयीची आहे. पाढ्याच्या ओहोटीला निघालात, तर पाणी अजून उतरतच असतं.