टांगणीला लागलेला जीव

मानिक चौक ही जुन्या झाशी शहरातील गजबजलेली बाजारपेठ. येथून जाताना १८५८ च्या वेढ्याचे स्मरण होत नाही असा मराठी माणूस विरळा. त्या दिवसांतील नगरवासीयांची मनःस्थिती वर्णावयास इंग्रजीत एक चपखल शब्द आहे : 'टेंटरहुक्स'. पुढे काय घडणार या विवंचनेत ताटकळणारा मनुष्य 'ऑन टेंटरहुक्स' असतो, असे इंग्रज म्हणतात.

हा शब्द मूळचा कापडाच्या धंद्यातला. लोकरीचे कापड विणल्यावर ते धुऊन, कुटून दाट करीत. वाळताना ते आकसू नये म्हणून 'टेंटर' नावाच्या लाकडी चौकटीवर ताणून बसवीत. चौकटीला ओळीने वाकडे खिळे असत, तेच टेंटरहुक्स. मुळाशी लॅटिन धातू आहे 'टेंडेरे', म्हणजे ताणणे. आपल्या संस्कृत 'तन्' धातूचा तो भाऊबंद. तंतू आणि ताण हे शब्द त्याच कुळातले. टोबायस स्मॉलेटच्या 'रॉडरिक रँडम' या १७४८ च्या कादंबरीत हा वाक्प्रयोग आढळतो. मराठीत आपण 'जीव टांगणीला लागला' असे म्हणतो. त्यांचे कापड ताणले जाते, आपला जीव टांगला जातो, भाव एकच.

सर ह्यू रोजचे सैन्य मार्च १८५८ मध्ये झाशीसमोर येऊन ठाकले. तोफांचा मारा सुरू झाला आणि नगराचे डोळे तात्या टोपे यांच्या कुमकेकडे लागले. ३१ मार्चला ती कुमक दृष्टिपथात आली. पण १ एप्रिलला बेतवेच्या लढाईत तात्यांना माघार घ्यावी लागली. ३ एप्रिलला इंग्रजांनी हल्ला चढवून शहरात प्रवेश केला. त्यानंतर राणी लक्ष्मीबाई काल्पीकडे निघून गेल्या. आशा पालवली आणि एका दिवसात कोमेजली.

या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसेही अडकले होते. कर्जाच्या ओझ्यामुळे दक्षिणेच्या आशेने ते कोकणातून उत्तरेकडे निघाले होते. घरी आईवडील होते. लेखणी हाती घेऊन त्यांनी पुढे सारी हकीकत लिहिली, ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. झाशीची राणी सर्वांना ठाऊक. परंतु पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्या आणि तोफांच्या आवाजात घरची आठवण काढणाऱ्या सामान्य मराठी माणसाची व्यथा कळते ती या ग्रंथामुळेच.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी ती व्यथा आपणांस परकी वाटू नये. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या प्रत्येकाने कधी ना कधी दाराशी येणाऱ्या पोस्टमनची वाट पाहिली आहे, आजारी आईच्या बातमीसाठी रात्र जागून काढली आहे. ताणलेले कापड वाळले की खिळ्यावरून उतरते. टांगणीला लागलेला जीवही उतरतो, पण त्यासाठी शेजारी कोणी आपले माणूस लागते. अशी माणसे एकत्र आणण्याचे कार्य आपल्या मंडळाने पन्नास वर्षे केले, हेच त्याचे खरे पुण्य होय.