मेघांचे ठोकताळे

इ. स. १९२२ सालीं लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञांनीं हवामानाचें भाकीत केवळ आंकडेमोडीनें वर्तविण्याची पद्धति सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या पथकांत असतां त्यांनीं २० मे १९१० या दिवसाच्या अवघ्या सहा तासांचें गणित हातानें सोडविलें, आणि उत्तर आलें तें असें कीं, हवेचा दाब तेवढ्या वेळांत १४५ मिलिबार चढावा! प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. या फसलेल्या उत्तराची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. आम्हांस त्या ग्रंथांतली दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. रिचर्डसन यांनीं नकाशा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें घरांत विभागला होता, आणि एकेक घर सुमारें २०० किलोमीटर लांबरुंद होतें. वारा, दाब व उष्णता हीं एवढ्या घरांत कशीबशी मावतात. ढग मात्र त्यांत हरवून जातो.

या हरवण्याचें उदाहरण आमच्या दाराशींच आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यास पडला तो ७३ मिलिमीटर. एकीकडे प्रलय, दुसरीकडे नेहमींचा पावसाळी दिवस. आणि दोन्ही जागा रिचर्डसन यांच्या एकाच घरांत बसतात. गणिताला एका घरासाठीं एकच आंकडा ठाऊक असतो, व ती सरासरी ना सांताक्रूझची ना कुलाब्याची. म्हणून घरापेक्षां लहान असलेल्या प्रत्येक व्यापारासाठीं शास्त्रज्ञांना एखादा नियम अंदाजानें बसवावा लागतो. त्यास प्राचलीकरण असें जड नांव मिळालें आहे; आमच्या बोलींतला ठोकताळा हा शब्द त्यास अधिक शोभतो.

ठोकताळा बांधावयाचा तर आधीं पाऊस पडतो कसा हें कळावयास हवें. ढगांतील थेंबाचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग. असे सुमारें दहा लाख थेंब एकवटावे तेव्हां पावसाचा एक थेंब होतो. ते एकवटतात कसे? १९२२ च्याच फेब्रुवारींत टोर बर्गेरॉन हे स्वीडिश शास्त्रज्ञ आजच्या ऑस्लोजवळच्या एका टेकडीवर मुक्कामास होते. तेथील सूचिपर्णी वृक्षांच्या राईंतून फिरतांना त्यांना दिसलें कीं, पारा शून्याखालीं पांच-दहा अंश असला म्हणजे झाडांमधली वाट धुक्यापासून मोकळी असते. तो शून्याच्या वर गेला कीं धुकें वाटेवर उतरतें. थंडींत झाडांवर जमलेलें हिम धुक्यांतील न गोठलेल्या थेंबांची वाफ ओढून घेत होतें. ढगांतहि असेंच घडत असावें: गोठणबिंदूखालीं द्रवरूपच राहिलेल्या थेंबांच्या गर्दींत एखादा हिमकण शिरला कीं तो त्यांच्या जिवावर वाढतो, जड होतो, आणि खालीं येतां येतां वितळून पाऊस होतो. याचें बीज आल्फ्रेड वेगेनर यांच्या १९११ च्या ग्रंथांत होतें (खंडें सरकतात असें सांगणारे तेच हे वेगेनर). बर्गेरॉन यांनीं त्याची उपपत्ति १९३३ मध्यें लिस्बन येथील परिषदेंत मांडली. परंतु उत्तरेच्या थंडींत सांपडलेला हा नियम साऱ्या जगाला लावून चालणार नव्हतें. आमच्या सह्याद्रीवर पुष्कळसा पाऊस देणाऱ्या ठेंगण्या ढगांचे माथे गोठणबिंदूपर्यंत पोंचतहि नाहींत. तेथें मोठा थेंब लहान थेंबांना वाटेंत गिळीत खालीं येतो. हिमकणाचें कामच पडत नाहीं.

१९५० सालीं अमेरिकेंत एनिॲक नांवाच्या गणकयंत्रावर जें पहिलें भाकीत झालें, त्यांत पाण्याचा हिशेबच नव्हता. स्यूकुरो मनाबे व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ मध्यें पृथ्वीच्या प्रतिमानांत पाऊस आणला तो असा: हवा बाष्पानें पूर्ण भरली कीं जास्तीचें पाणी तत्काळ जमिनीवर. ऊन अडविणारे ढग मात्र निरीक्षणांच्या सरासरीवरून कायमचे टांगून ठेवलेले, आणि त्यांचा या पावसाशीं कांहींएक संबंध नाहीं! पुढें ओक्लाहोमांतील वादळांचे अभ्यासक एडविन केसलर यांनीं १९६९ मध्यें ढगाचें पाणी व पावसाचें पाणी अशीं दोन खातीं मांडलीं. एका घनमीटर हवेंत ढगाचें पाणी अर्ध्या ग्रॅमहून अधिक सांठलें कीं जास्तीचें पाणी ठराविक गतीनें दुसऱ्या खात्यांत जमा व्हावयाचें. हा अर्धा ग्रॅम निसर्गानें कोठें कोरून ठेवलेला नाहीं. कोणास यांत लबाडी वाटेल. आम्हांस ती सचोटी वाटते, कारण आंकडा उघड्यावर ठेवलेला आहे व त्याला कोणीहि आव्हान देऊं शकतो.

या आंकड्यांवर काय अवलंबून आहे तें १९७९ मध्यें दिसलें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, या प्रश्नास ज्यूल चार्नी यांच्या समितीनें १.५ ते ४.५ अंश असें उत्तर दिलें. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालांतहि तेंच उत्तर होतें. मधल्या चौतीस वर्षांत यंत्रें कितीतरी पटींनीं वेगवान झालीं, पण ढगांनीं ती दरी बुजूं दिली नाहीं. २०२१ मध्यें ती २.५ ते ४ अंशांवर आली, तीहि प्रतिमानांपेक्षां निरीक्षणांच्या व प्राचीन हवामानाच्या पुराव्यांच्या बळावर. याच सुमारास बर्गेरॉन यांचा हिमकण पुन्हां वादांत आला. दक्षिण महासागरावरील ढगांत बहुतेक जुनीं प्रतिमानें हिम फार व न गोठलेलें पाणी थोडें दाखवीत. हिमाचा ढग पाण्याच्या ढगापेक्षां कमी लख्ख असतो. तेव्हां पृथ्वी तापतांच हे ढग पाण्याचे होऊन उजळतील व ऊन परत फेकतील, असा भलताच दिलासा गणितास मिळे. ढगांची मांडणी सुधारतांच कांहीं प्रतिमानांचें उत्तर ५ अंशांपलीकडे गेलें. परंतु त्यांतल्या एकास गेल्या हिमयुगाचें चित्र काढावयास लावलें, तेव्हां त्यानें पृथ्वी पुराव्याहून फारच थंड रंगविली.

अलीकडे कांहीं प्रतिमानांचें घर चार-पांच किलोमीटरांपर्यंत लहान झालें आहे. त्यांत सांताक्रूझ व कुलाबा वेगळे पडतात, उंच मेघ आपल्या बळावर चढूं लागतात. पण ढगाच्या एका घनसेंटिमीटरांत शंभरएक थेंब असतात, आणि ते एकमेकांस केव्हां गिळतील याचा हिशेब अद्यापि केसलर यांच्यासारख्याच खातेवहींत मांडावा लागतो. खातीं वाढलीं आहेत, एवढेंच.